जांघेतला अनोळखी चट्टा: मलम लावण्याआधी काय करावे

जांघेत किंवा जननेंद्रियावर त्वचेचा रंग बदललेला दिसला, पुरळ उठले किंवा खाज सुटली, की आपल्याकडे बहुतेक जण डॉक्टरांच्या आधी औषधाच्या दुकानात जातात. काउंटरपाशी दुसरे कोणी नाही हे पाहून मीही एका पावसाळ्यात हळूच ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढेच म्हटले होते. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन अशी चार नावे होती. चार दिवसांत खाज थांबली, मलम बंद करताच आठवड्याभरात दुपटीने परतली, आणि अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन तिच्यावर गुलाबी रेघा उमटल्या. तो साधा नायटा होता आणि तो औषधाने बरा झाला. रेघा मात्र अजून आहेत.

क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. ते त्वचेचा दाह दाबते, त्यामुळे बरे वाटते, पण त्याच आडोशाने बुरशी पसरत राहते आणि नायट्याची ओळखीची गोल कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. हेच क्लोबेटासोल लायकेन स्क्लेरोसस नावाच्या, त्वचा पांढरी पडून आकसणाऱ्या विकारात मात्र पहिल्या पसंतीचे औषध आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आजाराचे नाव कळेपर्यंत त्या जागी कोणतेही औषधी मलम लावू नये.

आधी नीट पाहावे. दिवसाच्या उजेडात, हातात आरसा धरून, चट्ट्याची कडा उठावदार आहे की सपाट, त्यावर कोंडा आहे की ओल, दाबल्यावर दुखते की नाही, हे पाहून तारखेसह लिहून ठेवावे. पुरुषांनी शिश्नाची पुढची कातडी मागे घेऊन पाहिल्यास ती पुन्हा पुढे आणण्यास विसरू नये, कारण मागेच अडकून सूज आली तर ती तातडीची बाब होते. शिश्नाग्राच्या कडेने ओळीत बसलेले मोत्यासारखे बारीक दाणे, भगोष्ठांवरचे (योनीच्या बाहेरच्या ओठांवरचे) किंवा शिश्नाच्या कातडीवरचे पिवळसर रव्यासारखे ठिपके आणि उतारवयात अंडकोषाच्या पिशवीवर दिसणारे काळपट लाल ठिपके हे सहसा निरुपद्रवी असतात. तरीही नव्याने दिसले तर एकदा डॉक्टरांना दाखवून निर्धास्त व्हावे.

त्यानंतर मागच्या दोन-तीन आठवड्यांत घेतलेल्या गोळ्या आठवाव्यात. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल, अंगदुखीसाठी एखादी वेदनाशामक गोळी किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल घेतल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत शिश्नाच्या टोकावर जळजळणारा गोल चट्टा उठतो, त्यावर कधी फोड येतो, मग तो सुकून जांभळट काळा डाग उरतो. पुन्हा तीच गोळी घेतली की त्याच जागी तोच चट्टा येतो. हा गुप्तरोग नव्हे, ती औषधाची प्रतिक्रिया आहे. केवळ या अज्ञानातून घराघरांत संशय शिरतो. चट्टा आणणाऱ्या गोळीचे नाव कागदावर लिहून तो कायम पाकिटात ठेवावा.

पुढच्या कातडीला चिरा पडणे, पांढरट थर जमणे किंवा बाईच्या अंगावर दह्यासारखा स्राव जाऊन आजूबाजूची त्वचा लाल होणे असे वारंवार घडत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. काहींच्या मधुमेहाचा पत्ता प्रथम येथेच लागतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांमुळेही असा संसर्ग होतो; तेव्हा गोळी स्वतःहून बंद न करता ती देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. रात्री खाज वाढत असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर खरूज असण्याचा संभव मोठा.

न दुखणाऱ्या जखमेला मात्र सर्वांत जास्त भ्यावे. सिफिलिस (गरमी) या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची पहिली जखम संबंधानंतर १० ते ९० दिवसांत येते, बहुधा दुखत नाही आणि उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. आजार मात्र शरीरात राहतो. सुरुवातीला रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी आणि जोडीदाराचीही करावी. जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे उपचार मोफत होतात, १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते.

पाळी गेलेल्या बायकांना योनीच्या बाहेरच्या भागात सतत खाज येऊन त्वचा चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी पडली, तर ‘वयामुळे होतं’ किंवा ‘कोड असेल’ म्हणून सोडून देऊ नये. ते लायकेन स्क्लेरोसस असू शकते. उपचार न केल्यास तेथील त्वचा आकसते आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगही होतो.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती जागा साध्या पाण्याने धुऊन हलकेच टिपून कोरडी करावी, सैल सुती कपडे घालावेत आणि संबंध टाळावा. जंतुनाशक द्रव, लिंबू, लसूण किंवा पावडर यांतले काहीही लावू नये. या भागाची कातडी नाजूक असते आणि लसणाने तर ती अक्षरशः भाजते. शासकीय रुग्णालयात ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी पाहून दारातून परत फिरू नये, केसांचे आणि नखांचे रुग्णही त्याच रांगेत असतात. याउलट, भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतल्या ‘गुप्तरोग’वाल्यांच्या वाटेला जाऊ नये. आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात. तपासताना स्त्री परिचारिका हजर असावी असे वाटत असल्यास स्त्री रुग्णाने ते निःसंकोच सांगावे. नायट्याचा संशय असेल तर डॉक्टर कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकतात. ही तपासणी स्वस्त, झटपट आणि न दुखणारी आहे, तेव्हा ती करता येईल का हे आपणहून विचारावे.

ताप येऊन तो भाग झपाट्याने सुजला, असह्य दुखू लागला किंवा काळा पडू लागला, विशेषतः रुग्णाला मधुमेह असेल तर, अथवा गोळी घेतल्यावर तोंडात व डोळ्यांतही फोड आले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. बाकी चट्ट्यांच्या बाबतीत, सांगितलेले उपचार मनापासून करूनही महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, तर आणखी एक मलम लिहून घेण्याऐवजी त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासायला हवा का, असे डॉक्टरांना थेट विचारावे.