नाशकात छोटं कॉफी शॉप काढायचंय? मशीनच्या आधी खुर्च्यांचा हिशोब करा

कॅफे टाकायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मशीन कुठली घेऊ?" मशीनचं नंतर बघू हो. तुमच्याकडे खुर्च्या किती बसणार आणि एक माणूस एका खुर्चीवर किती वेळ ठाण मांडणार, हे आधी सांगा. नुसतं काहीतरी गरम पिऊन निघायचं असेल तर आपल्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर टपरी आहे, अमृततुल्यवाले आहेत, तुमच्याकडे शंभरच्या वर पैसे देऊन जो येतो तो बसायलाच येतो, लॅपटॉप घेऊन नायतर चौघं मिळून, आणि चौघांत पण दोनच कॉफ्या, वन बाय टू.

आता आकडे टाकून बघू, सगळे "समजा"वाले आहेत, तुमचे तुम्ही घाला. भाजलेली बी १२०० रुपये किलो धरली तर एका डबल शॉटला, म्हणजे एका कपात जाणाऱ्या कडक कॉफीला, १८ ग्रॅम, म्हणजे साधारण २२ रुपये. दूध दीडशे मिली, १० रुपये. साखर, टिश्यू, सांडलवंड, फेकलेले शॉट मिळून ८. झाले ४०. कॅपुचिनो १४० ला विकली, त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की हातात १३३, म्हणजे कपामागे ९३ सुटतात. हे ऐकून लोकांचे डोळे चमकतात. थांबा जरा. भाडं ४० हजार, दोन पोरांचे पगार ३२, लाइट १२, नेट-पाणी-सर्व्हिसिंग-किरकोळ १०, असे ९४ हजार महिन्याला जाणारच, दुकानात कुणी फिरको ना फिरको. आठवड्याची सुट्टी धरून २६ दिवस, तर रोज ३९ कप विकले की फक्त खर्च निघाला. स्वतःला २५ हजार तरी घ्याल ना? मग साधारण ४९ कप.

आणि १६ खुर्च्या असतील, संध्याकाळी ५ ते ९ गर्दी, प्रत्येक जण दीड तास बसला, तर चार तासांत एकही खुर्ची एक मिनिट रिकामी न राहता जेमतेम ४२ माणसं होतात! त्यातले निम्मे वन बाय टूवाले. म्हणजे नुसत्या संध्याकाळवर हे दुकान चालत नाही, सकाळचं गिऱ्हाईक लागणार, उभ्याने घेऊन जाणारं लागणार, नायतर कॉफीसोबत खाणं विकावं लागणार. जागा शोधताना हेच डोक्यात ठेवायचं.

कॉलेज रोड सगळ्यांना हवा असतो. एचपीटी, बीवायके कॉलेजांची पोरं, संध्याकाळची गर्दी, सगळं खरं. पण भाडं पण तसंच, आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा नि सुट्ट्या लागल्या की तीच गर्दी पातळ होते, भाडं मात्र पातळ होत नाही. गंगापूर रोडला केटीएचएम कॉलेज आहे आणि वरच्या बाजूला राहणारी नोकरदार फॅमिलीवाली वस्ती पण आहे, त्यामुळे सुट्टीतही गिऱ्हाईक असतं. मला स्वतःला मेन रोडपेक्षा आतली गल्ली आवडते, महात्मानगर किंवा इंदिरानगरसारख्या ठिकाणी जिथे क्लासेस, डेंटिस्ट, सीएची ऑफिसं आहेत. ती माणसं रोज येतात. इन्स्टाग्रामवर बघून येणारा एकदा येतो, फोटो काढतो, पुढच्या आठवड्यात नवीन कॅफेत.

जागा आवडली की समोरच्या टपरीवर जाऊन बसा. शनिवारी नाही, मंगळवारी दुपारी ४ ला, आणि सकाळी ९ ला परत. किती माणसं चालत जातात ते मोजा, गाडीवरून जाणारे मोजू नका, ते थांबत नाहीत. दुचाकी लावायला जागा आहे का, की शेजारचा दुकानदार रोज भांडणार? आणि रविवारी सकाळी पण बघा. नाशकात रविवारी सकाळी तुमची स्पर्धा दुसऱ्या कॅफेशी नसतेच, मिसळीशी असते. अकरापर्यंत सगळं गाव मिसळीला गेलेलं असतं आणि रस्सा पिऊन आलेल्या माणसाला वर चहा लागतो. त्यामुळे रविवारी पहाटे शटर उघडून पोरांना ताटकळत बसवू नका, दहा-साडेदहाला उघडा.

सिंहस्थ २०२७ च्या नावावर जास्त भाडं सांगणारे भेटतील. रामकुंडावर येणारा भाविक तुमच्या आतल्या गल्लीत फ्लॅट व्हाइट (दुधाची एक कॉफी) प्यायला येणार नाहीये, त्या हिशोबाने एक रुपया वाढवून देऊ नका. उलट रस्त्याचं काम दारासमोर निघणार का ते विचारून घ्या.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, रजिस्टर केलेलाच. लॉक-इन, म्हणजे अमुक महिने करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंनी लिहून घ्या, म्हणजे तुम्ही अडीच-तीन लाखांचं फर्निचर ठोकल्यावर मालक सहा महिन्यांत "भाचा येतोय गाळ्यात" म्हणायला नको. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार तेही त्यातच. आणि सही करायच्या आधी मीटर बघा, हे लोक हमखास विसरतात. दोन ग्रुपची (एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारी) एस्प्रेसो मशीन तीन-चार किलोवॅट सहज खाते, त्यात एसी, ओव्हन, फ्रीज. सिंगल फेजच्या गाळ्यात ऐन गर्दीत दूध स्टीम करायला घेतलं आणि एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की एमसीबी खाली, सगळं दुकान अंधारात आणि कॅपुचिनो अर्धी. थ्री फेज आहे का, मंजूर भार किती, वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे आधीच बोलून घ्या.

आता मशीन. बजेट कमी असेल तर मशीन साधी घ्या पण ग्राइंडर चांगला घ्या, दळण एकसारखं नसेल तर लाखांच्या मशीनमधून पण कडू-आंबट पाणीच येतं. रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम ग्राइंडरचं दळण जुळवायचं: १८ ग्रॅम पावडर, वजनकाट्यावर कप, २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी आली पाहिजे. पंधरा सेकंदांतच धार लागली तर दळण बारीक करा, थेंब-थेंब येत असेल तर जाड करा. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालचं सेटिंग आज चालत नाही, त्यामुळे हे पोरांना शिकवाच, आणि पहिले दोन-तीन शॉट सिंकमध्ये जाणार ते खर्चात धरा. सेकंडहँड मशीन घेत असाल तर दुरुस्तीला माणूस नाशकात आहे की मुंबई-पुण्याहून येणार ते विचारा. बाहेरून येणार असेल तर गॅस्केट (रबरी रिंग) आणि शॉवर स्क्रीन (पाणी पडायची जाळी) जास्तीची आणून ठेवा, दोन दिवस मशीन बंद म्हणजे काय ते वरचे आकडे बघून कळेलच.

पाणी! टँकर किंवा बोअरचं जड पाणी थेट मशीनला दिलं की बॉयलरमध्ये क्षार बसतात. म्हणून लोक घरगुती आरओ लावतात आणि त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) २०-३० वर आणतात, मग कॉफी सपक लागते. दीडशेच्या आसपास टीडीएस चांगला, ७५ ते २५० चालतो. मीटर शे-दोनशे रुपयांत मिळतो, घ्या.

बी चिकमगळूर-कोडगूची. रोस्टरकडून, म्हणजे बी भाजून विकणाऱ्याकडून, भाजल्याची तारीख टाकलेलीच घ्या, आठवडाभराने उघडायची आणि महिन्याच्या आत संपवायची. स्वस्त पडते म्हणून दहा किलोचा साठा करू नका. शिकायचं असेल तर बेंगळुरूच्या कॉफी बोर्डाचा कापी शास्त्र म्हणून कोर्स असतो. मेन्यू छोटा ठेवा, पण कोल्ड कॉफी ठेवाच, कितीही नाक मुरडलं तरी. उन्हाळ्यात नाशिक चाळिशीला टेकतं तेव्हा पोर ओव्हर (गरम पाणी ओतून गाळलेली काळी कॉफी) कोणी मागत नाही, आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी मागतात आणि त्यातच पैसे सुटतात. सोबत बन मस्का, सँडविच, एखादा केक, तोही बाहेरून घरगुती बेकरकडून. स्वतःचं किचन पहिल्या वर्षी नको.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी) लागतंच, टर्नओव्हरप्रमाणे रजिस्ट्रेशन किंवा लायसन, ऑनलाइन होतं. शॉप अ‍ॅक्टला दोन-चार कामगारांचं दुकान असेल तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. गाणी लावणार असाल तर त्याचं पण लायसन असतं. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ नि कप देशभरात २०२२ पासून बंद आहेत, कागदी घ्या. जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या: रोज ४९ कप १४० ने म्हणजे वर्षाला २१ लाखांच्या वर जाता, आणि २० लाखांवर नोंदणी आलीच. रेस्टॉरंटच्या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणजे मशीनवर भरलेला १८ टक्के तुमच्याच खिशातून गेला, तो बजेटमध्ये धरूनच मशीन बघा.

मुहूर्ताचं घरचे विचारतीलच. पाडवा नको, समोर परीक्षा आणि उन्हाळा. दसरा धरा, पुढे थंडीचे तीन-चार महिने गरम कॉफीचे मिळतात आणि तेवढ्यात रोजचं गिऱ्हाईक बांधलं जातं. फक्त लाइटचा लोड वाढवायचा अर्ज गणपतीच्या आधी टाका, आणि उद्घाटनाच्या आठवडाभर आधीपासून ओळखीच्यांना बोलावून पूर्ण पैसे घेऊन कॉफी पाजा, फुकट पाजलीत तर सगळे छानच म्हणतील.