लॉ सीईटीचं रिझनिंग: केळीची माहिती बाजूला ठेवा, परिच्छेद वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं लॉच्या प्रवेशपरीक्षेला बसतात तेव्हा त्यांचं तर्कक्षमतेत अडतं ते बुद्धी कमी पडते म्हणून नाही. अडतं ते प्रश्नातला विषय त्यांना फार चांगला माहीत असतो म्हणून. परिच्छेद कापसाचा, पीकविम्याचा किंवा धरणाच्या आवर्तनाचा असला की डोक्यात घरचा अनुभव सुरू होतो आणि कागदावर काय लिहिलंय ते मागे पडतं. या प्रश्नांत मात्र परिच्छेदाने दिलेलं तेवढंच खरं धरायचं असतं.

तुम्ही कोणती परीक्षा देताय ते आधी नक्की करा. राज्याच्या लॉ सीईटीत प्रश्न मराठीतही असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा, फक्त इंग्रजीत होते. पदवीपूर्व (बारावीनंतरच्या) क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, प्रत्येक चुकीला पाव गुण जातो आणि तर्काचे प्रश्न साधारण ४५० शब्दांच्या परिच्छेदांवर बेतलेले असतात. सीईटीत याशिवाय मालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध असे सुटे प्रश्नही येतात. ते सरावाने बसतात, त्यावर फार वेळ घालवू नका. खरी मेहनत लागते ती युक्तिवादाच्या प्रश्नांना.

तिथे पहिलं काम म्हणजे परिच्छेदाच्या आधी प्रश्न वाचणं. युक्तिवाद कमकुवत करायचा आहे, बळकट करायचा आहे, गृहीतक (न सांगता खरी धरलेली गोष्ट) शोधायचं आहे की निष्कर्ष काढायचा आहे? हे ठरल्याशिवाय परिच्छेद वाचला तर तो पुन्हा वाचावा लागतो.

मग निष्कर्ष शोधा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून दिसतं’ यांच्या पुढे तो बहुतेक वेळा सापडतो. ‘कारण’च्या पुढे आधार असतो. खुणेचा शब्दच नसेल तर विचारा: लिहिणाऱ्याला मला शेवटी काय पटवायचंय? निष्कर्ष परिच्छेदाच्या पहिल्या ओळीतही असू शकतो.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू.

‘रावेर तालुक्यातल्या एका गावात यंदा ज्या शेतकऱ्यांनी टिश्यू कल्चरची रोपं लावली, त्यांच्या केळीला इतरांपेक्षा जास्त भाव मिळाला. म्हणून पुढच्या वर्षी गावातल्या सगळ्यांनी टिश्यू कल्चर लावलं तर सगळ्यांनाच जास्त भाव मिळेल.’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत कशाने होतो?

अ) टिश्यू कल्चरची रोपं कंदांपेक्षा महाग पडतात.
आ) त्या शेतकऱ्यांची केळी इतरांच्या आधी, बाजारात माल कमी असताना कापणीला आली होती.
इ) गावातल्या काही शेतकऱ्यांनी यंदा केळी लावलीच नव्हती.
ई) टिश्यू कल्चरच्या बागेतले घड एकसारखे भरतात.

पर्यायांवर हात ठेवा आणि आधी स्वतःच्या शब्दांत फट सांगा. आधार आहे काही जणांना यंदा मिळालेल्या भावाचा. निष्कर्ष आहे सगळ्यांना पुढच्या वर्षी मिळणाऱ्या भावाचा. मधे दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: भाव रोपांमुळेच मिळाला, आणि सगळ्यांनी तेच केलं तरी तो टिकेल.

आता पर्याय उघडा. ज्याच्या घरी केळी आहे त्याचा हात ‘अ’कडे जातो, कारण तो खर्च त्याला सोसावा लागतो. पण युक्तिवाद भावाचा आहे, खर्चाचा किंवा नफ्याचा नाही. रोप कितीही महाग असलं तरी भाव जास्त मिळू शकतो. ‘इ’चा संबंध नाही, कारण तुलना केळी लावणाऱ्यांमध्येच आहे. ‘ई’ने उलट युक्तिवादाला बळ मिळतं. ‘आ’ मात्र दोन्ही गृहीतकांवर घाव घालतो: भाव माल कमी असल्यामुळे मिळाला असेल, आणि सगळ्यांचा माल एकदम आला तर तो फायदाही राहणार नाही. उत्तर ‘आ’.

गृहीतक विचारलं असेल तर पर्याय उलटा करून बघा. समजा विधान असं आहे: ‘भुसावळहून निघालेली गाडी साडेसातला जळगावला पोहोचते आणि केंद्रात नऊपर्यंत प्रवेश मिळतो, म्हणून या गाडीने गेलं की वेळेत पोहोचता येईल.’ पर्याय असेल, ‘स्टेशनवरून केंद्रावर जायला दीड तासापेक्षा जास्त लागत नाही.’ तो उलटा करा: दीड तासापेक्षा जास्त लागतो. युक्तिवाद तिथेच कोसळला, म्हणजे हे गृहीतक आवश्यक होतं. ‘स्टेशनबाहेर रिक्षा लगेच मिळते’ हे उलटं केलं तरी माणूस चालत पोहोचू शकतो, त्यामुळे ते आवश्यक नाही. हा कस लावायला दहा सेकंद पुरतात, पण तो फक्त गृहीतकाच्या प्रश्नांना लावा.

‘तर’ आणि ‘तरच’ यांत घाई अजिबात नको. ‘हप्ता मुदतीत भरला तरच विम्याची भरपाई मिळते’ यावरून हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाला भरपाई मिळेल असं निघत नाही. एवढंच निघतं की ज्याला मिळाली त्याने हप्ता मुदतीत भरला होता, आणि ज्याने भरला नाही त्याला मिळणार नाही. विमा प्रत्यक्षात कसा चालतो, याचा इथे काही संबंध नाही.

निष्कर्षाच्या प्रश्नात मोठ्या शब्दांपासून सावध राहा. परिच्छेदात ‘काही’ असेल आणि पर्यायात ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ असेल तर तो बहुधा चूक. साधं, मोजकं बोलणारा पर्याय निवडा, मग तो कितीही फिका वाटो.

शेवटी दोन पर्याय उरले की परिच्छेदाऐवजी निष्कर्षाचं वाक्य पुन्हा वाचा आणि दोन पर्यायांत नेमका कोणता शब्द वेगळा आहे ते बघा. उत्तर त्या शब्दावर ठरतं. तरीही सुटत नसेल तर पुढे चला. सीईटीत वेळ संपायच्या आत प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर नोंदवाच. क्लॅटला निदान दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तरच अंदाज करा.

सरावासाठी मागच्या प्रश्नपत्रिका आधी घ्या. त्या संपल्या आणि इंग्रजी बरं असेल तर अमेरिकेतल्या लॉ प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे एलसॅटचे, लॉजिकल रिझनिंगचे प्रश्न सोडवा. ते कठीण असतात, पण रचना हीच. त्या परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (अटींवरून मांडणी लावायची कोडी) काढून टाकले आहेत, तेव्हा जुन्या संचांतला तो भाग सरळ सोडून द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्यावा आणि वहीत तीनच ओळी लिहाव्यात: निष्कर्ष काय, आधार काय, मधे न सांगता काय धरलंय. चुकलेल्या प्रश्नापुढेही नुसतं बरोबर उत्तर लिहू नका. आपण निवडलेला पर्याय का चूक होता ते एका वाक्यात लिहा आणि पुढच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी तेवढीच वाक्यं वाचा.