डिस्क भरली? डिलीट मारायच्या आधी हे वाचा

पोस्टग्रेस या डेटाबेसचं सांगतोय, कारण रोज तेच हाताखाली असतं. रात्री एरर येतो की डिस्कवर जागाच नाही, आणि पहिला विचार सुचतो तो म्हणजे जुन्या लॉग टेबलमधल्या रो उडवू. मीपण उडवल्या होत्या, तासभर डिलीट चाललं आणि नंतर डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारून बघतो तर जागा अजूनच कमी! कारण डिलीट केलेली रो फाइलमधनं जातच नाही, मेलेली म्हणून तिथेच पडून राहते, वर त्या डिलीटची नोंद वॉलमध्ये (WAL, म्हणजे प्रत्येक बदल आधी लिहून ठेवायचा लॉग) होते ती वेगळीच. साधं व्हॅक्यूम (मेलेल्या रो साफ करणारी कमांड) केलं की ती जागा त्याच टेबलाला परत वापरता येते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला बहुतेक वेळा परत मिळत नाही.

मग व्हॅक्यूम फुल? थांबा. ते टेबलाची आख्खी नवी कॉपी लिहितं, म्हणजे जागा मिळवायला आधी जागा हवी, आणि तोवर टेबल लॉक, साधं सिलेक्टपण अडकतं.

म्हणून आधी डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारी कमांड) लावून बघा नक्की फुगलंय काय. पुष्कळदा वॉलचा फोल्डर निघतो, १६ एमबीच्या फाइलींचा ढीग. त्या हाताने उडवायच्या नाहीत म्हणजे नाहीत, डेटाबेस परत उठणारच नाही अशी पाळी येते. कारण शोधा: एकतर आर्काइव्ह कमांड (वॉलच्या फाइली बॅकअपसाठी कॉपी करणारी) फेल होतेय, नाहीतर कधीकाळी बंद केलेल्या रेप्लिकाचा (दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाबेसची प्रत) स्लॉट, म्हणजे तिने वॉल कुठवर वाचलं याची खूण, तसाच राहिलाय आणि तो वॉल धरून बसलाय. स्लॉट खरंच कुणी वापरत नाही याची खात्री करून ड्रॉप करा, पुढच्या चेकपॉइंटला (तोवरचे बदल डेटा फाइलींत पक्के लिहिले जातात तेव्हा) फाइली आपोआप जातात. व्हर्जन १३ पासून स्लॉटने किती वॉल धरायचं याला लिमिट लावता येते, लावून टाका.

टेबलंच मोठी असतील तर नको असलेलं टेबल ट्रंकेट (एका फटक्यात रिकामं) करा किंवा जुनं पार्टिशन (टेबलाचा वेगळा ठेवलेला तुकडा) ड्रॉप करा, जागा लगेच सुटते. कधीच स्कॅन न झालेले इंडेक्सपण (शोध जलद करणाऱ्या याद्या) उडवता येतात का बघा (युनिकवाले सोडून, आणि रेप्लिकावर वापरात नाहीत ना तेही बघून). एवढं करून व्हॅक्यूम फुल लागलंच तर छोट्या टेबलापासून सुरू करा, एकाची सुटलेली जागा पुढच्याला कामी येते.

आणि सगळं मिटलं की डेटाच्याच डिस्कवर दोनेक जीबी जागा खरंच व्यापणारी डमी फाइल करून ठेवा, परत कधी अडलात तर ती उडवली की श्वास घ्यायला तरी जागा होते.