मुंबईच्या फ्लॅटमध्ये रहस्यश्रुतिका रेकॉर्ड करताना

जुन्या रहस्यश्रुतिका कान देऊन ऐकल्या की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की त्यात आवाज फार थोडे असतात. सीबीएस या अमेरिकन रेडिओ वाहिनीवर १९४२ ते १९६२ चाललेल्या ‘सस्पेन्स’ मालिकेत २५ मे १९४३ रोजी ‘सॉरी, राँग नंबर’ प्रसारित झाली. अंथरुणाला खिळलेली एक बाई आणि तिचा टेलिफोन, एवढाच पसारा. अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेडच्या आवाजाने अर्धा तास तोलून धरला.

आपल्याकडे हाच बाज धरायचा तर २० मिनिटांना साधारण २००० शब्द पुरतात. बाकीची जागा थांबे आणि ध्वनी घेतात. पात्रं चारच ठेवा, आणि एकाच पट्टीत बोलणारे दोन पुरुष घेऊ नका. कोण बोललं हेच कळलं नाही तर संशय घ्यायचा कोणावर? ‘अगं, तुझ्या हातात सुरी आहे!’ असलं वाक्य खोडून टाका. त्याऐवजी स्वयंपाकघरातला खण सरकतो, स्टील किणकिणतं, मग क्षणभर काहीच नाही, आणि हळू आवाजात ‘ते खाली ठेव’. सुरी श्रोत्याला दिसलीच.

दर भागात गोष्ट नवी असेल तर ओळखीचा राहतो तो फक्त निवेदक. त्याच काळातल्या ‘द व्हिसलर’ या अमेरिकन रेडिओ मालिकेचा निवेदक शिट्टी वाजवत यायचा, ‘इनर सँक्टम’ करकरत्या दाराने सुरू व्हायची. तशी एक खूण ठरवा, पण अर्ध्या मिनिटात गोष्टीला हात घाला.

खरी अडचण खोलीची. रुळांजवळ राहत असाल तर शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत, हीच वेळ. खिडक्या, पंखा, एसी, फ्रीज सगळं बंद. घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवून द्या, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर त्या रात्री नाद सोडा. तो आवाज नंतर काढता येत नाही. उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि प्रत्येक प्रसंग न्हाणीघरात घडल्यासारखा वाटतो. म्हणून मायकच्या मागे आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी जाड गोधड्या टांगा, किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर बसा.

मायक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, किंचित बाजूला. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. कुजबुज ७ सेंटिमीटरवर. दारातून येणाऱ्या माणसाचा आवाज कमी करून काम भागत नाही, त्याने खरोखर तीन पावलं मागून बोलत यायला हवं. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, नाहीतर किंकाळी फाटते. शेवटी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून रिकामी खोली रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमध्ये हीच शांतता भरायची असते. पूर्ण निःशब्द तुकडा टाकला तर रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो.

टेलिफोनवरचा आवाज हवा असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापा. घोड्याच्या टापांना करवंट्या. हाड मोडायला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाजर. आगीला सेलोफेनचा कागद, मायकच्या अगदी जवळ चुरगळलेला. दाराला जुन्या ट्रंकेची बिजागरी, मात्र अगदी सावकाश फिरवा. घाईत फिरवली तर हसू येतं.

तयार फाइल गर्दीच्या लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐका. कुजबुज हरवत असेल तर आधी संगीत खाली आणा. तरीही हरवली तर त्या ओळीचा आवाज चढवू नका, मागची सळसळही तेवढीच चढते. ती ओळ मायकच्या आणखी जवळ बसून पुन्हा घ्या.