शंभर मुलांचा तिळगूळ: वळेपर्यंत मिश्रण मऊ कसं ठेवायचं
खानापूर, निपाणीकडच्या लहान शाळांत संक्रांतीचे लाडू पालकच मिळून वळतात. सगळं एकदम केलं की निम्मं मिश्रण कढईतच दगड होतं.

१. १ किलो भाजलेले तीळ, १ किलो चिक्कीचा गूळ, अर्धा किलो दाण्याचं कूट. याचे चार घाणे करा. २० ग्रॅमचे सुमारे सव्वाशे लाडू होतात.

२. पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. मऊ गोळी झाली की लगेच गॅस बंद. टणकन वाजणारी गोळी चिक्कीची, लाडवाची नव्हे.

३. पाकात तीळ आणि कूट मिसळा. कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून, हाताला तूप लावून वळा.

मुलांना वळायला बसवू नका, पाक कातडीला चिकटून भाजतो. पुड्या बांधायचं काम त्यांना द्या.