जुन्या ट्रकाच्या वायरिंगमधील लपंडाव : या चुका टाळा

जुन्या ट्रकातील कायमचा विद्युत बिघाड शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो तपासणीच्या वेळी जागेवरच सापडतो. खरा त्रास देतो तो अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड. घाटात हेडलाइट क्षणभर मंद होतात, पावसात इंडिकेटर बंद पडतो, सकाळी चावी फिरवल्यावर सेल्फ (स्टार्टर मोटर) नुसता ‘टक’ असा आवाज करतो आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन झटक्यात सुरू होते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा मात्र सारे काही व्यवस्थित असते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, त्यानंतर डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर), त्यानंतर सेल्फ, आणि मूळ दोष कायम राहतो. पुढील विवेचन यांत्रिक डिझेल पंप असलेल्या, इंजिनावर संगणकीय नियंत्रण नसलेल्या ट्रकांपुरते आहे. १ एप्रिल २०१७ रोजी देशभर भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक लागू होण्यापूर्वीच्या अनेक गाड्या या प्रकारात मोडतात.

पहिली चूक पाना हातात घेण्यापूर्वीच होते: चालकाला कोणी नीट विचारत नाही. बिघाड गाडी तापल्यावर होतो की थंड असताना, खड्ड्यात की ब्रेक दाबल्यावर, गाडी धुतल्यानंतर की हेडलाइट लावल्यावर, यावरून अर्धा शोध संपतो. खड्ड्यात होणारा दोष सैल जोडाकडे बोट दाखवतो, तर तापल्यावर होणारा दोष रिले (विजेवर चालणारा स्विच), साधा स्विच किंवा सोलेनॉइडच्या (विजेने दांडा सरकवणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलकडे. चालकाने डॅशबोर्डवर एक वही ठेवावी आणि प्रत्येक वेळची परिस्थिती लिहून ठेवावी.

दुसरी चूक मल्टीमीटरवर आंधळा विश्वास ठेवण्याची आहे. वायरमधील सर्व तारा तुटून एकच धागा शिल्लक असला, तरी भार नसताना मीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ विद्युतप्रवाह घेतच नाही. बल्ब पेटवला किंवा सेल्फ मारला की तो धागा पुरा पडत नाही आणि व्होल्टेज कोसळते. म्हणून मोजमाप नेहमी ते उपकरण चालू असताना करावे. जुने वायरमन वापरतात तो साधा टेस्ट लॅम्प याच कारणाने आजही उपयोगी आहे. तो थोडा का होईना, प्रवाह ओढतो.

सर्वाधिक दुर्लक्ष मात्र अर्थिंगकडे, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या जोडणीकडे, होते. बॅटरीचे ऋण टोक चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेले असते. परंतु इंजिन आणि केबिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्यांना चासीशी जोडणारी स्वतंत्र अर्थ पट्टी आवश्यक असते. ही पट्टी गंजली, तेलाने माखली किंवा इंजिनाच्या कामानंतर पुन्हा बसवायची राहिली, तर सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीची वाट ॲक्सिलरेटर किंवा स्टॉप केबलमधून (इंजिन बंद करण्याच्या केबलमधून) शोधतो. सेल्फ मारल्यावर अशी केबल गरम लागली, तर निदान तिथेच झाले असे समजावे. मागच्या दिव्यांचेही तसेच आहे: ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद होत असेल किंवा भलताच दिवा मिणमिणत असेल, तर बल्ब बदलू नयेत. त्या होल्डरची अर्थ तुटलेली असते आणि प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तंतूमधून परत फिरत असतो.

याची चाचणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून धरावी आणि एकाने सेल्फ मारत असताना दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरे सेल्फच्या बॉडीवर ठेवावे. टोक क्लॅम्पवर न ठेवता प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर ठेवणे महत्त्वाचे, कारण अनेकदा दोष या दोहोंच्या मधल्या पांढऱ्या-हिरव्या थरात असतो. आकडा अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक आला तर अर्थची बाजू खराब आहे. हीच चाचणी धन बाजूला आणि, २४ व्होल्टच्या गाडीत, दोन बॅटरींना जोडणाऱ्या लहानशा लिंक केबलवरही करावी. ती केबल तपासायची हमखास राहून जाते. दुरुस्ती करताना रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून बसवावा, बोल्ट घट्ट करावा आणि पेट्रोलियम जेली त्यानंतर वरून लावावी.

२४ व्होल्टच्या ट्रकांत एक चूक इतकी रूढ आहे की तिला कोणी चूक मानतच नाही. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले जातात. त्यामुळे ती बॅटरी सतत अपुरी भारलेली राहते आणि डायनामो दोघींना एकत्रच चार्ज करत असल्यामुळे दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांत एक बॅटरी मरते, मालक तेवढीच एक नवी टाकतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा आणि बॅटरी शक्यतो जोडीनेच बदलाव्यात.

डायनामोच्या बाबतीत, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची पद्धत तत्काळ सोडून द्यावी. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेजची मोठी उसळी येते आणि तीत डायोड, कटआउट (व्होल्टेज नियंत्रक) किंवा दोन्ही जळू शकतात. हेडलाइट लावून, इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर मोजावे. २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.५ ते २८.८ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पावसातच चार्जिंग कमी होत असेल तर आधी डायनामोचा पट्टा पाहावा. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो ना, हेही पाहावे, कारण अनेक डायनामोंना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो आणि तो उडाल्यास रेस वाढवेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही.

काही डिझेल पंपांवर इंजिन बंद करण्यासाठी विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. त्याचा पुरवठा क्षणभर तुटला तरी इंजिन दचके खाते किंवा बंद पडते, आणि चालक, मेकॅनिक दोघेही डिझेलमध्ये हवा आली असे समजून फिल्टर बदलत बसतात. सोलेनॉइडच्या वायरला टेस्ट लॅम्प जोडून तो केबिनमध्ये नजरेसमोर ठेवावा आणि गाडी चालवावी. इंजिन अडखळताना दिवाही विझला तर दोष विजेचा आहे, तेवत राहिला तर डिझेलची बाजू किंवा स्वतः सोलेनॉइड पाहावा.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावणाऱ्यांना एवढेच सांगावे लागते की पुढचा फ्यूज म्हणजे वायरिंग स्वतःच असते. केवळ पिळून टेप गुंडाळलेले जोडही असेच घातक. पावसाचे पाणी टेपखाली साचून तांबे आतल्या आत हिरवे पडते. वाकणाच्या जागी वायरचे आवरण बोटांनी दाबताच तुकडे होऊन गळू लागले असेल, किंवा उंदरांनी ते अनेक ठिकाणी कुरतडले असेल, तर एकेक जोड शोधत बसू नये. आधी बॅटरीची अर्थ वायर काढावी आणि तेवढा संपूर्ण हार्नेस (वायरांचा जुडगा) त्याच जाडीच्या नव्या वायरने, स्लीव्ह घालून, चासीच्या धारदार कडांपासून दूर क्लिपांनी बांधून घ्यावा.