विशेषण की क्रियाविशेषण? असे ओळखा

शब्दाची जात त्याच्या तोंडावळ्यावरून ठरत नाही, वाक्यातल्या कामावरून ठरते. 'खूप पुस्तके' यात 'खूप' पुस्तकांबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. 'तो खूप हसला' यात तोच शब्द हसण्याचे प्रमाण सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. त्यामुळे क्रियाविशेषणांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका.

आधी क्रियापदाखाली रेघ ओढा. मग त्याला कसे, केव्हा, कोठे, किती असे प्रश्न विचारा. 'मुलगी भराभर चालते.' कशी चालते? भराभर. हे क्रियाविशेषण. शब्द नामाचा गुण किंवा संख्या सांगत असेल, तर ते विशेषण.

पुढची कसोटी लिंग-वचन बदलण्याची. मुलगा हळू चालतो, मुलगी हळू चालते, मुले हळू चालतात. 'हळू' जागचा हलत नाही, म्हणजे त्याचे रूप बदलत नाही, म्हणून त्याला क्रियाविशेषण अव्यय म्हणतात. मात्र एवढ्यावरच विसंबलात तर दोन्ही बाजूंनी फसाल. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' इथे शब्द बदलतो, तरी माहिती गाण्याचीच आहे. उलट 'हुशार मुलगा', 'हुशार मुली' इथे शब्द मुळीच बदलत नाही, तरी ते विशेषणच.

अशा वेळी 'रीतीने' जोडून पाहा. 'ती चांगल्या रीतीने गाते' यात अर्थ टिकला, म्हणजे क्रियाविशेषण. 'त्याने भिंत पांढरी रंगवली' याचे 'पांढऱ्या रीतीने रंगवली' करताच वाक्य कोसळते. पांढरेपणा भिंतीचा आहे. शब्द क्रियापदाला खेटून बसला असला तरी तो विशेषणच. जागाही अर्थ बदलते: 'त्याने चांगले पत्र लिहिले' यात पत्र चांगले, तर 'त्याने पत्र चांगले लिहिले' यात लिहिणे चांगले असाही अर्थ निघतो. इथे आधीचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

शब्दयोगी अव्यय, म्हणजे नामाला जोडून येणारे अव्यय, ओळखणे त्यामानाने सोपे. 'तो पुढे गेला' यात 'पुढे' स्वतंत्र आहे, म्हणून क्रियाविशेषण. 'घरापुढे झाड आहे' यात तो नामाला जोडला गेला आणि 'घर'चे सामान्यरूप (जोडण्याआधी होणारे बदललेले रूप) 'घरा' झाले, म्हणून शब्दयोगी. 'नंतर ये' आणि 'जेवणानंतर ये' यांतही हाच फरक.

'रात्री', 'आनंदाने' ही रूपे नामांपासून झालेली, पण 'तो रात्री आला' यात 'रात्री' येण्याची वेळ सांगते. अशांना साधित क्रियाविशेषणे म्हणतात. 'मोठ्या आनंदाने' असे म्हटले की आतले नाम पुन्हा डोके वर काढते, कारण 'मोठ्या' हे 'आनंद' या नामाचे विशेषण. म्हणून तिथे दोन्ही शब्द मिळून क्रियापदाबद्दल सांगतात, असे धरून चाला.